मशीन झोपलेलं असताना

निमोणे, २७ जानेवारी २००८

शंभूदादा,

पत्राच्या वरती नमस्कार लिहायची रीत आहे. पण तुला नमस्कार घालावा असं तू काही केलेलं नाहीस, म्हणून थेट कामाचंच लिहिते. आई तुला मेलेला समजते.

हसू नकोस. फोनवर हे सांगता येत नव्हतं. फोन समोरच्या डेअरीत येतो आणि बाळासो दुधाची फॅट लावता लावता एक कान आपल्याकडं ठेवून असतो. तू मात्र दर वेळी विचारतोस, "आई कशी हाय?" आणि मी म्हणते, "बरी हाय." बरी नाही ती.

मेमध्ये तू मस्कतला गेलास, तेव्हा आई ओट्यावर झोपली होती. तिला ओलांडून तू गेलास. उठवलं असतं तर रडली असती, म्हणालास. अरे, जिला जन्मापासून ऐकू येत नाही, लिहिता-वाचता येत नाही, तिला सकाळी उठून काय कळणार? अंथरूण रिकामं, एवढंच. तिच्याशी हातांनी बोलणारी आपण दोघंच. आण्णांना चार खुणा येतात: भाकरी, पाणी, मेंढरं आणि चल. बत्तीस वर्षांच्या संसारात चार!

सुपारी फुटल्यावर तू लग्न मोडलंस, तेव्हापासून आण्णा गावभर सांगत होतेच, "त्यो आम्हाला मेला." ते तिला ऐकू येत नव्हतं म्हणून बरं होतं. पण दिवाळीनंतर मेंढपाळ भिमाची मेंढरं आपल्या रानात बसली होती, तेव्हा आण्णांनी रागाच्या भरात तुझं घोंगडं आणून तिच्या डोळ्यांदेखत भिमाच्या अंगावर टाकलं. आपल्या घरात माणूस गेलं की दहाव्याला त्याचं घोंगडं देऊन टाकतात, हे तुला सांगायला नको. त्याच आठवड्यात तू पाठवलेला हेल्मेटातला फोटो फ्रेम होऊन भिंतीला लागला, आज्याच्या आणि थोरल्या चुलत्याच्या मधे. आपल्या भिंतीवर जिवंत माणसाचा एकही फोटो नाही. आईनं काय समजायचं ते समजून घेतलं. मी तेव्हा तीन दिवस घरी नव्हते, कामाला गेले होते.

परत आले तर फोटोला हार. आई कोपऱ्यात. अंगणाबाहेर जात नाही, गोडाला शिवत नाही, दिवसातून एकदा अर्धी भाकरी. मी हातांनी सांगून सांगून दमले. भुवईवर दोन बोटं, म्हणजे तू. लांब. विमान. जिवंत. ती माझ्याकडं बघत राहते आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवते. तिला वाटतं, मीच अजून मानलेलं नाही.

तुझं पत्र दाखवलं तर ते तिनं फोटोपुढं ठेवलं. तू फोनवर "आई, आई" म्हणून ओरडलास तेव्हा मी रिसीव्हर तिच्या कानाला लावला होता, तर तिनं तो पदरानं पुसून बाळासोला परत दिला.

तिला तू दिसायला हवास. हलताना, हात हलवताना. ये. आण्णांचं मी बघून घेते.

प्रगती

निमोणे, २४ फेब्रुवारी

दादा,

तू आला नाहीस, लॅपटॉप आला. मस्कतहून सुट्टीवर आलेले शिरूरचे हौसराव घरी आणून देऊन गेले. "शंभूनं लई जपून न्यायला सांगितलंय," म्हणाले. वापरलेला आहे, कडेला फुटलेला आहे, कॅमेरा तारेनं लावायचा. धर्माची गाय आणि दात का गं नाय, म्हणून गप्प बसले.

आधी मी तिला शिरूरच्या सायबर कॅफेत न्यायला बघितलं होतं. एसटी फाट्यावर उभी, मी ओढतेय, आणि आईनं दाराची चौकट धरलेली. शेजारची कुशाबाई मधे पडली, "सोड गं पोरी, हात मोडशील तिचा." सोडलं. म्हणजे नेट घरातच यायला हवं.

डेअरीत नेट आहे. वायर आणायची तर रस्ता आडवा, उसाच्या ट्रॉल्या एका दिवसात तोडतील. पण त्यांच्याकडं बिनतारी डबा आहे, त्याची रेंज आपल्या पडवीपर्यंत पोचते. बाळासोनं पासवर्ड दिला, वर उपदेश केला, "लई पिच्चर बघू नका, ताई." सगळं जमलं आणि मग कळलं, तुझ्या लॅपटॉपचं वायरलेस कार्डच मेलेलं आहे.

दौंडला गेले. न्हावऱ्यावरून चौफुला, तिथून दुसरी गाडी. स्टेशनजवळ ईश्वर म्हणून एक जण जुने लॅपटॉप दुरुस्त करतो. त्यानं दुसऱ्या मशीनमधलं कार्ड काढून आपल्यात बसवलं. दोन बोटांएवढी हिरवी पट्टी, तिला दोन बारीक तारा. बटण दाबलं. काळा पडदा आला आणि त्यावर इंग्रजीत एक ओळ: हे कार्ड चालणार नाही, काढा आणि पुन्हा सुरू करा. बस्स. तिथंच ठप्प.

मी म्हटलं, "कार्ड खराब दिलंत."

"कार्ड एक नंबर हाय, ताई," ईश्वर म्हणाला. "ह्याच्या पोटात कंपनीनं यादी ठेवलीय. चालू हुताना पयली यादी बघतंय. कार्डाचं नाव यादीत न्हाई, तर पुढं जायचंच न्हाई."

"मग यादीत नाव घाला."

"ती आतली गोष्ट हाय. हात लावला आन् चुकलं, तर लॅपटॉपचा दगड हुतो. आन् यादीतलं कार्ड आता मिळत न्हाई."

मला तिथं दुकानातच हसू फुटलं. म्हटलं, म्हणजे आमचे आण्णाच बसलेत की ह्यात! ईश्वरला काही कळलं नाही. तो भला माणूस आहे, कार्ड तसंच देऊन टाकलं, "बघा, नशिबात असंल तर."

येताना चौफुल्यावर दोन तास गाडी नव्हती. घरी पोचले तर आई अंगणाच्या कडेला उभी, मी गेले तेव्हा उभी होती त्याच जागी.

प्रगती

निमोणे, १९ मार्च

दादा,

तुझ्या पत्रातला एकच प्रश्न मला टोचला. "घोंगडं आण्णांनी दिलं, पण फोटो भिंतीला कुणी लावला?" विचारायचाच होतास तू.

मी लावला.

फोटोत तू इतका छान हसत होतास. भावकीतल्या बायका "शंभूचं काय कळलं का?" म्हणून खवचटपणे विचारायच्या. म्हटलं, बघा एकदाचं. शिरूरला जाऊन फ्रेम करून आणली, खिळा मोकळा दिसला तिथं लावली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे निघून गेले. आईला फोटोचं काही सांगायचं माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. जाताना तिला उठवलंही नाही. तुझ्यासारखंच.

आणि मी कामाला गेले नव्हते. पुण्याला मुलाखतीला गेले होते. कर्णबधिर मुलांच्या शिक्षिकेचा कोर्स आहे, वर्षाचा, तिथंच राहायचं. मुलाखतीत विचारलं, "खुणांची भाषा कुठं शिकलात?" म्हटलं, "आईकडं." त्या बाईंनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडं नीट बघितलं. दादा, आजवर मला असं कुणी बघितलं नव्हतं. निवड झालीय. १६ जूनला हजर व्हायचंय. पत्र माझ्या ट्रंकेत आहे, घरात कुणाला माहीत नाही.

आण्णांना सांगितलं तर ते म्हणतील, "मंग हिच्याशी बोलायचं कुणी?" आणि ते खरंच आहे, हेच तर माझं दुखणं आहे. डॉक्टर आला, मी. कुशाबाई काही विचारते, मी. आईच्या पोटात दुखतं की मनात, हेही मीच सांगायचं. आता तर ती माझा पदरच सोडत नाही. एक पोरगं गेलं, दुसरं जाऊ द्यायचं नाही, असं तिनं धरलंय. मी विहिरीवर गेले तरी कवाडात उभी. परवा मनात आलं, गळ्यात लोढणं बांधलेल्या गुरासारखी झालेय मी. आईला लोढणं म्हणाले! जीभ झडो माझी.

तिला तू जिवंत दिसलास तर ती जेवेल, आणि मला निघता येईल. माझा स्वार्थ आहे ह्यात, लपवत नाही.

ते कार्ड मी नऊ वेळा बसवून बघितलं. पुसून, उलटून, देवाचं नाव घेऊन. नऊ वेळा तीच ओळ. कार्ड काढलं की मशीन शहाण्यासारखं सुरू होतं. यूएसबीचं एकच भोक चालतं आणि ते कॅमेऱ्याला लागतं, म्हणजे बाहेरून कार्ड लावायचा मार्गही बंद. काल वैतागून झाकण आपटलं. आईनं ते उचललं, पदरानं पुसलं आणि फडताळात ठेवलं. तिला वाटतं, हे तुझं मागं राहिलेलं सामान आहे.

प्रगती

निमोणे, ९ एप्रिल

दादा,

जमलं! आणि ते ईश्वरनं नाही, आईनं शिकवलं, तिला पत्ताही नाही.

आण्णांनी बाजारातून अकरा पिल्लं आणली, बिनआईची. आपली तांबडी कोंबडी खुडूक बसलीय. दुपारी पिल्लं तिच्यापुढं सोडली तर तिनं टोचून एकाचं डोकं रक्तबंबाळ केलं. आण्णा म्हणाले, "ही न्हाई घ्यायची." तेव्हा आई कोपऱ्यातून उठली. दिवाळीनंतर पहिल्यांदा आपणहून उठली! पिल्लं टोपलीत झाकून ठेवली, दिवेलागणीला कोंबडी पेंगायची वाट बघितली, आणि एकेक पिल्लू हळूच तिच्या पंखाखाली सरकवलं. मला खुणेनं सांगितलं: झोपलीय. उठेल तेव्हा विचारणार नाही.

सकाळी तांबडी अकराच्या अकरा घेऊन उकिरड्यावर उकरत होती.

मी चुलीपुढं बसले होते, तशीच उठले. यादी कधी बघतो म्हणाला होता ईश्वर? चालू होताना. फक्त चालू होताना! डेअरीतून त्याला फोन लावला.

"अवो ताई, चालू मशीनमधी हात घालू नका, बोर्ड जळंल."

"चालू नाही हो. झोपवलेलं. झाकण मिटल्यावर दिवा लुकलुकतो ना, तसं."

मग म्हणाला, "केलंय कुणी आसं, ऐकलं न्हाई. करा, पर माझं नाव सांगू नका."

कार्ड न घालता मशीन सुरू केलं. यादी बघून त्याचं समाधान झालं. मग झोपवलं. गोधडीवर पालथं घातलं, मागचं छोटं झाकण काढलं, कार्ड तिरकं धरून आत दाबलं, काळी तार, पांढरी तार, दोन स्क्रू. पांढरी तार दोनदा निसटली. जळालं तर जळालं, म्हटलं, आणि उठवलं.

उठलं रे! कुठलीच ओळ नाही, कसली कुरकुर नाही. कोपऱ्यात उलट आनंदानं सांगतंय, नवीन वस्तू सापडली. ईश्वरनं कार्डासोबत पेनड्राइव्हमध्ये दिलेलं सॉफ्टवेअर घातलं आणि पडद्यावर डेअरीचं नाव आलं. मी अशी किंचाळले की कुशाबाई "कुठंय साप?" म्हणत काठी घेऊन धावत आली.

आता नीट वाच. हे मशीन बंद झालं की पुन्हा यादी बघतं आणि पुन्हा ठप्प. मग कार्ड काढा, सुरू करा, झोपवा, कार्ड घाला. बॅटरी पाऊण तास टिकते आणि लोडशेडिंग तुला माहीत आहे. शुक्रवारी तुला सुट्टी, आणि शुक्रवारी इथं दुपारी दोन ते सहा लाइट असते. २५ एप्रिल, आपले चार, म्हणजे तुझे अडीच. तारीख फोनवरही सांगेन.

हेल्मेट घालू नकोस. कुणाला शेजारी बसवू नकोस. आणि बाबा रे, एका जागी हसत बसू नकोस, फोटो दिसशील. हात हलव.

प्रगती

निमोणे, २६ एप्रिल

दादा,

काल तुला इकडचं अर्धंच दिसलं, म्हणून लिहिते.

तू पहिल्यांदा आलास ते चित्र अडकलं. तोंड अर्धं उघडं, हात वर. थिजलेला. आई उठली आणि कुंकवाचा करंडा घेऊन आली! गेलेल्याच्या फोटोला लावतात तसं तुला लावायला. तिनं बोट बुडवून पुढं केलं आणि तेवढ्यात तू हललास. करंडा पडला, पडवीभर कुंकू झालं.

तरी तिचा विश्वास नव्हता. ती मशीनच्या मागं जाऊन बघून आली. मला म्हणाली, टीव्हीत मेलेली माणसंसुद्धा नाचतात. मग तिनं तुझ्याकडं बघून बोटं तोंडाशी नेली. जेवलास? आणि तू मान हलवून उलटं विचारलंस, तू जेवलीस?

तिथं ती खाली बसली. टीव्हीतलं माणूस उलटं विचारत नाही. तुला ते ठोसे दिसले असतील, ती पडद्यावर तुझ्या गालावर मारत होती. झोपेत का गेलास, झोपेत का गेलास. तू रडलास ते तिनं बघितलं, आणि मग उठून तुझ्यासमोर बसून दोन भाकरी खाल्ल्या. लसणाच्या चटणीबरोबर. मी मोजल्या.

तुला न दिसलेलं आणखी एक. आण्णा पूर्ण वेळ दाराबाहेर पाठ करून उभे होते. मला हळूच विचारलं, "बारीक झालाय का?" मी म्हटलं, "स्वतः बघा की." "मला काय करायचंय बघून," म्हणाले, आणि नाक शिंकरत गोठ्याकडं गेले.

संध्याकाळी आईनं फोटो भिंतीवरून काढून हार चुलीत घातला.

बंद करताना मात्र तू मला म्हणालास, "बरं झालं गं, आता दर शुक्रवारी भेट. यायची घाईच राहिली न्हाई." तेव्हा मी आनंदात होते. नंतर स्क्रू परत बसवताना ते आठवत राहिलं.

प्रगती

निमोणे, १ जून

दादा,

सहा शुक्रवार झाले. आई जेवते, बाहेर पडते, परवा कुशाबाईकडं पापड लाटून आली. तू जिवंत आहेस हे तिला पक्कं झालंय. आता ती रोज एकच विचारते. भुवईवर दोन बोटं, आणि मग फाट्याकडं हात. कधी?

गेल्या शुक्रवारी मी तुला हेच विचारलं. तू म्हणालास, करार दोन वर्षांनी वाढवलाय. मी म्हटलं, आई? तू म्हणालास, "दिसतो की तिला. आन् तू हाईस ना घरी."

तू हाईस ना घरी. दादा, ते वाक्य मी तीन दिवस चघळतेय. गुरुवारपासून मी त्या मशीनची दाई असते. लाइट गेली की पळ, बॅटरी बघ, बंद पडलं की पालथं घाल, स्क्रू काढ. आई मला ढोसून उठवते, दिवा लुकलुकतोय का बघ म्हणून. तुम्हा सगळ्यांच्या यादीत एकच नाव आहे, माझं. माझ्याशिवाय कुठलंच मशीन सुरू होत नाही ह्या घरातलं. तुझ्यासाठी खिडकी उघडली आणि तिच्या गजाला मीच बांधली गेले.

आज सकाळी मी ट्रंकेतलं पत्र काढलं. आधी आण्णांना वाचून दाखवलं. ते अपेक्षेप्रमाणे म्हणाले, "हिच्याशी बोलायचं कुणी?" मी म्हटलं, "तुम्ही. पंधरा दिवस आहेत, शिका." ओरडतील वाटलं होतं. "लई आधी शिकाय पायजे हुतं," म्हणाले. दुपारपर्यंत पाच नव्या खुणा शिकले. 'दुखतं का' करताना 'मेंढरू' होतं, आणि आई पदर तोंडाला लावून हसते.

मग आईला सांगितलं. उजेडात, समोर बसून. मी, पुणे, शाळा, तिच्यासारखी मुलं, महिन्यातून दोनदा घरी येईन. तिनं सगळं बघून घेतलं. माझी वेणी हातात धरली, तीच माझी खूण. मग म्हणाली: जाशील तेव्हा मला उठवून जा.

मी पुष्कळ रडले. पण १६ जूनला मी निघणार, तिला उठवून.

मशीन आज बंद केलंय. झोपवलं नाही, बंद केलं. कार्ड काढून ह्याच पाकिटात घातलंय, वहीच्या कागदात गुंडाळून, दोन्ही स्क्रूंसकट. नीट बघ, स्क्रू बारीक आहेत. आईला सांगितलंय, शंभू येईल तेव्हा तोच बसवेल. दुष्टपणा आहे, मला कळतं. तिला पुढचे शुक्रवार जड जातील. पण तू मेला नाहीस हे तिला माहीत आहे, आता वाट बघता येते तिला. आण्णांनी भिमाकडून घोंगडं परत मागवलंय, मी सांगितलेलं नाही, त्यांनी आपणहून.

रीत तुला ९ एप्रिलच्या पत्रात लिहिली आहे. कार्ड घालायचं ते मशीन झोपलेलं असताना.

तू मात्र आई जागी असताना ये.

तुझी,
प्रगती